ऑनलाईन प्रेझेंटेशनमधले बदल पुन्हा पुन्हा गायब होतात? आधी सगळे एकच फाईल बघतायत का ते बघा

"ताई, रात्री बसून सगळं केलं होतं, सकाळी उघडलं तर जुनंच दिसून राहिलंय." गूगल स्लाईड्सवर चार-पाच जण मिळून काम करतात तिथे ही तक्रार हमखास येते, एकदा निस्तरली तरी पुढच्या प्रेझेंटेशनला परत तीच. माझं चोपड्यात डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, अहवाल, बॅनर हे तर चालूच असतं पण आता शेतकरी गट, बचत गट, कॉलेजची पोरं, झेडपीच्या शाळांमधले सर-मॅडम असे सगळेच स्लाईड्स घेऊन येतात, आणि प्रत्येकाला वाटतं की सॉफ्टवेअरने काम खाल्लं. तसं होत नाही. बदल बहुतेक वेळा जिवंत असतात, फक्त ते भलत्याच फाईलमध्ये असतात, आणि ते शोधायचे कसे आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय करायचं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण फोनवर दर वेळी एवढं सांगणं होत नाही आणि समोरच्याची दुसऱ्या दिवशी मीटिंग असते, त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो.

आधी मूळ गोष्ट समजून घ्या. गूगल स्लाईड्सची फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर नसतेच, ती गूगलच्या सर्व्हरवर एकाच जागी असते आणि तुम्ही सगळे ब्राउजरमधून किंवा फोनच्या अॅपमधून त्याच एका जागी लिहीत असता. सेव्हचं बटण नाही कारण टाईप करता करताच सेव्ह होत असतं. एका वेळी 100 टॅबमधून किंवा डिव्हाइसवरून एकच फाईल एडिट करता येते, म्हणजे गटातले सगळे मेंबर एकदम बसले तरी काही बिघडत नाही. पण ज्या क्षणी कोणीतरी फाईल-डाउनलोड करून पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची फाईल, काढली आणि व्हॉट्सअॅपवर टाकली, त्या क्षणी ती वेगळी फाईल झाली, तिचा आणि ऑनलाईनवाल्या फाईलचा संबंध संपला. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने काही लिहिलं म्हणून तलाठ्याकडची नोंद बदलत नाही ना, तसंच हे.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. रावेरकडचा एक केळी उत्पादक गट, पॅकहाऊससाठी कर्ज पाहिजे होतं म्हणून बँकेच्या साहेबांसमोर प्रेझेंटेशन करायचं होतं. गटाचे अध्यक्ष अप्पा गावात, त्यांचा पुतण्या पुण्यात नोकरीला, हिशोब बघणारे भाऊ सावद्याला आणि बीएस्सी अॅग्री झालेली एक ताई जळगावला. पुतण्याने गूगल स्लाईड्सवर छान फाईल बनवली, ग्रुपवर लिंक टाकली. अप्पांच्या फोनमध्ये लिंक उघडली पण लिहिता येईना, म्हणून पुतण्याने पीपीटीएक्स करून पाठवली. अप्पांनी ती फोनमधल्या दुसऱ्या ऑफिस अॅपमध्ये उघडून बागेची माहिती टाकली आणि ग्रुपवर परत पाठवली. भाऊंनी ती डाउनलोड करून आपल्या ड्राइव्हवर चढवली, त्यात खर्चाचा तक्ता भरला, आणि त्यांनी नवीनच लिंक टाकली. ताईने मात्र पहिल्याच लिंकवर करपा आणि सीएमव्ही या केळीवरच्या रोगांच्या बंदोबस्ताच्या स्लाईड्स केल्या. मीटिंगच्या आदल्या दिवशी फाईली कोणत्या होत्या तर केळी गट फायनल, केळी गट फायनल नवीन, कॉपी ऑफ केळी गट फायनल, आणि नावापुढे कंसात एक लागलेली अजून एक. प्रत्येकाचं काम शाबूत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने आपलं उडवलं. गटात थोडी तणातणीही झाली, अप्पा पुतण्याला बोलले. सांगायचा मुद्दा हा की यात कोणीच कोणाचं काही डिलीट केलं नव्हतं.

एक मिनिटाची तपासणी

तुमच्याकडे असंच झालं असेल तर आधी काहीही दुरुस्त करायला जाऊ नका. सगळ्यांना फोन लावा, एकाच वेळी फाईल उघडायला सांगा आणि वर उजव्या कोपऱ्यात बघा. जे जे ती फाईल उघडून बसलेत त्यांचे गोल फोटो किंवा अक्षरं तिथे दिसतात, आणि कोणी स्लाईडवर क्लिक केलं की त्याच्या रंगाची चौकट किंवा कर्सर तुमच्या स्क्रीनवर दिसतो. अप्पा म्हणतायत मी उघडून बसलोय आणि तुम्हाला त्यांचा गोल दिसत नाही, मग अप्पा वेगळ्या फाईलमध्ये आहेत. विषय संपला, त्यापुढे वाद घालायची गरज नाही.

दुसरी खूण लिंकमध्ये असते. प्रत्येक फाईलच्या लिंकमध्ये मधोमध एक लांबलचक अक्षरं-आकड्यांचा तुकडा असतो, तो त्या फाईलचा कायमचा ओळखक्रमांक. नाव बदललं, फोल्डर बदललं तरी तो बदलत नाही, आणि कॉपी केली की कॉपीला नवीन मिळतो. दोघांच्या लिंकमधला तो तुकडा फोनवर वाचून ताडून बघा, पहिल्या काही अक्षरांतच कळतं.

तिसरी खूण फाईलच्या नावाशेजारी. तिथे छोट्या चौकटीत पीपीटीएक्स असं लिहिलेलं दिसत असेल तर ती गूगल स्लाईड्सची फाईल नाहीये, ती पॉवरपॉइंटचीच फाईल आहे जी गूगलने आहे तशी उघडून दिलीय. त्यातही लिहिता येतं, शेअरही करता येतं, म्हणून लोक फसतात. अशा फाईलवर काम चालू असताना कोणीतरी सोयीसाठी फाईल मेनूतून सेव्ह अॅज गूगल स्लाईड्स केलं की त्याच नावाची दुसरी फाईल तयार होते, पहिली तशीच राहते, आणि आता अर्धे लोक जुनीत आणि अर्धे नवीनमध्ये लिहायला लागतात. म्हणून कोणाकडून पीपीटीएक्स आली तर पहिल्याच दिवशी, काम वाटून द्यायच्या आधी, ती गूगल स्लाईड्समध्ये बदलून घ्या आणि मूळ फाईल ड्राइव्हमधून बाजूला काढा. बदलून घ्यायची फाईल 100 एमबीच्या आत पाहिजे, बागेचे ड्रोनवाले फोटो भरलेले असतील तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते, आधी फोटो लहान करा.

वेगवेगळ्या फाईली एकत्र कशा करायच्या

एक फाईल ठरवा. कुठलीही चालेल, पण शक्यतो जी सगळ्यात पहिली लिंक होती तीच, कारण ती सगळ्यांच्या ग्रुपमध्ये आधीपासून आहे. मग ती उघडून फाईल मेनूत इम्पोर्ट स्लाईड्स घ्या, दुसरी फाईल ड्राइव्हमधून निवडा किंवा पीपीटीएक्स सरळ अपलोड करा, त्यातल्या स्लाईड्स समोर दिसतात, हव्या तेवढ्यांवर टिक करा. खाली मूळ थीम ठेवायची का असं विचारतो. ती टिक काढली तर आलेल्या स्लाईड्स तुमच्या फाईलचे रंग घेतात, ठेवली तर जशाच्या तशा येतात. मी सहसा काढते, कारण बँकेच्या साहेबांसमोर एक स्लाईड निळी, एक भगवी, एक हिरवी असं नको वाटतं, पण तक्ते भरपूर असतील तर ठेवा, नाहीतर रंग बदलून आकडे दिसेनासे होतात.

एकत्र करून झालं की उरलेल्या फाईली डिलीट करायची घाई करू नका. त्यांची नावं बदला, "जुनी, वापरू नये" असं सरळ मराठीत लिहा, आणि शेअरमध्ये जाऊन सगळ्यांना एडिटरवरून व्ह्यूअर करा. हे महत्त्वाचं आहे. नुसतं ग्रुपवर "आता नवीन लिंक वापरा" लिहून काही होत नाही, जुनी लिंक वर कुठेतरी पडलेली असते आणि घाईत माणूस तीच उघडतो, पण तिथे लिहिताच आलं नाही तर तो आपसूक विचारतो. ग्रुपच्या वर्णनातच खरी लिंक टाकून ठेवली तर अजून बरं, मेसेजांच्या ढिगात शोधायला लागत नाही.

आता अप्पांना लिहिता का येत नव्हतं, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. तीन कारणं असतात. एक म्हणजे लिंक एनीवन विथ द लिंक अशी केलेली असते पण पुढे व्ह्यूअर असतं, एडिटर करायचं राहून जातं. दुसरं, फोनच्या ब्राउजरमध्ये स्लाईड्स नीट एडिट होत नाहीत, गूगल स्लाईड्सचं अॅप टाकावं लागतं. आणि अॅप टाकूनही अॅक्सेस मागत असेल तर फोनमध्ये दोन-तीन जीमेल असतात ते बघा, एक स्वतःचं, एक मुलाने कधी काढून दिलेलं, एक दुकानदाराने फोन चालू करून देताना बनवलेलं, आणि अॅप भलत्याच जीमेलने उघडलेलं असतं. उजवीकडे वर गोलावर दाबून अकाउंट बदललं की फाईल उघडते. पीपीटीएक्स पाठवण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम आधी करून द्या, वडीलधाऱ्या माणसाला एकदा समोर बसून दाखवलं की तो छान करतो, हे मी कितीतरी गटांमध्ये बघितलंय.

एनीवन विथ द लिंक आणि एडिटर, हे मात्र मोठ्या ग्रुपवर ठेवू नका. ज्याने लॉगिन न करता उघडलं तो निनावी प्राण्याच्या चित्राने दिसतो आणि मग कोणी काय बदललं ते कळायला मार्ग राहत नाही. चार-पाच जणांचे जीमेल टाकून एडिटर करा, बाकीच्यांना व्ह्यूअर किंवा कॉमेंटर. शेअरच्या सेटिंगमध्ये एडिटरला पुढे शेअर करायची परवानगी असते, ती टिक काढून ठेवता येते.

फाईल एकच आहे, तरी स्लाईड नाही

सगळ्यांचे गोल दिसतायत, लिंक तीच, तरी स्लाईड नाही. मग आधी डावीकडच्या पट्टीत नीट बघा, ती स्लाईड स्किप केलेली आहे का. राईट क्लिकमध्ये स्किप स्लाईड असतं, चुकून दाबलं जातं, स्लाईड पट्टीत असते पण प्रेझेंट करताना येत नाही. परत तेच दाबलं की येते.

खरंच उडाली असेल तर घाबरून कंट्रोल-झेड दाबत बसू नका, ते तुमचं स्वतःचं काम मागे नेतं, दुसऱ्याने उडवलेलं परत आणायला त्याचा भरवसा नाही. फाईल मेनूत व्हर्जन हिस्टरी, त्यात सी व्हर्जन हिस्टरी, किंवा कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एच. उजवीकडे तारीख, वेळ आणि नाव असं सगळं येतं, एकेका नोंदीवर क्लिक करून त्या वेळची फाईल बघता येते. हे फक्त एडिटरला दिसतं, व्ह्यूअरला नाही.

इथे बहुतेक जण एक गडबड करतात. सापडलं जुनं व्हर्जन की लगेच रिस्टोअर दाबतात. रिस्टोअर केलं की अख्खी फाईल त्या वेळेला जाते, म्हणजे तुमची एक स्लाईड आली पण त्यानंतर ताईने केलेल्या सहा स्लाईड्स गेल्या, आणि आता ताईचा फोन. तसे तेही बदल हिस्टरीत असतातच, परत आणता येतात, पण मीटिंगच्या सकाळी हा खेळ नको. त्यापेक्षा त्या जुन्या नोंदीच्या शेजारी तीन टिंबं आहेत तिथून मेक अ कॉपी करा, जुनी अवस्था वेगळ्या फाईलमध्ये निघते, मग खऱ्या फाईलमध्ये येऊन इम्पोर्ट स्लाईड्सने फक्त ती एक स्लाईड ओढून घ्या आणि कॉपी लगेच उडवा, नाहीतर परत दोन फाईलींचा घोळ.

अजून एक, सारखी छोटी छोटी व्हर्जन्स होत राहतात आणि गूगल जागा वाचवायला कधीकधी ती एकत्र करतं, त्यामुळे नेमकी तुमच्या मनातली वेळ सापडेलच असं नाही. म्हणून महत्त्वाच्या टप्प्याला व्हर्जन हिस्टरीतून नेम करंट व्हर्जन करा. "आकडे तपासून झाले", "साहेबांना दाखवण्याआधी", असं काहीही नाव. एका फाईलमध्ये अशी 40 नावं देता येतात, आपल्याला तेवढी लागतही नाहीत. फायनल, फायनल नवीन अशा फाईली काढायची जी सवय आहे ना, ती मोडायला ही एकच गोष्ट पुरेशी आहे, कारण माणूस कॉपी का काढतो तर आत्ताचं बिघडू नये म्हणून, आणि नाव दिलेलं व्हर्जन नेमकं तेच काम करतं. पूर्ण फाईलच ड्राइव्हमधून गायब असेल तर मालकाच्या ट्रॅशमध्ये बघा, तिथे 30 दिवस राहते, त्यानंतर कायमची जाते.

गाडीत बसून केलेलं काम

नंदुरबारच्या एका कॉलेजमधली मुलगी, जळगाव-सुरत लाईनवर रोज जाणं-येणं, अमळनेर सोडलं की नेट येतं-जातं. तिने गाडीत लॅपटॉपवर स्लाईड्स केल्या, घरी येऊन लॅपटॉप बंदच ठेवला, आणि रात्री मैत्रिणींना फोनवर फाईलमध्ये काहीच दिसेना. क्रोममध्ये ऑफलाईन चालू असेल तर नेट नसताना केलेले बदल त्या लॅपटॉपमध्येच साठून राहतात, तोच लॅपटॉप नेटला जोडून तीच फाईल क्रोममध्ये उघडेपर्यंत बाकीच्यांना ते दिसत नाहीत. तिने लॅपटॉप उघडला, वायफाय जोडलं, नावाशेजारच्या ढगाच्या चिन्हावर सेव्ह झाल्याचं येऊ दिलं, आणि सगळं आलं. तेवढा वेळ स्क्रीन बंद करायची नाही.

ऑफलाईन आपोआप चालू नसतं. नेट असतानाच क्रोम किंवा एजमध्ये गूगल डॉक्स ऑफलाईन हे एक्स्टेन्शन आणि ड्राइव्हच्या सेटिंगमधलं ऑफलाईन चालू करावं लागतं, इन्कॉग्निटोमध्ये चालत नाही. फोनच्या अॅपमध्ये फाईलच्या तीन टिंबांमधून अव्हेलेबल ऑफलाईन करायचं. उन्हाळ्यात लाईट गेली की वायफाय जातं, सगळ्या गावाचा लोड मोबाईलच्या टॉवरवर येतो, म्हणून आपल्याकडे हे आधीच करून ठेवलेलं बरं. पण दोघांनी एकाच वेळी ऑफलाईन राहून एकाच स्लाईडवर काम करू नका, नेट आल्यावर दोघांचे बदल एकमेकांत घुसतात आणि वाक्यं विचित्र होतात. ऑफलाईन बसायचं असेल तर स्लाईड्स वाटून घ्या.

मालकाचा ड्राइव्ह भरलाय

हे कारण गेल्या वर्ष-दोन वर्षांत फार वाढलंय आणि कोणाच्या लक्षात येत नाही. फाईल ज्याच्या जीमेलवर बनली तो मालक. फुकटच्या अकाउंटला 15 जीबी मिळतात, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले, आणि 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्याच 15 जीबीत धरला जातो. आता गटाच्या अध्यक्षाच्या व्हॉट्सअॅपवर सकाळपासून रात्रीपर्यंत गुड मॉर्निंगचे फोटो, केळीचे भाव, भजनांचे व्हिडिओ, हे सगळं बॅकअपला जातं आणि 15 जीबी भरतात. भरले की त्याला नवीन फाईल करता येत नाही, आणि जागा मोकळी करेपर्यंत त्याच्या फाईली बाकीच्यांनाही एडिट किंवा कॉपी करता येईनाशा होतात. म्हणजे काल ज्याला लिहिता येत होतं त्याला आज येत नाही, आणि कारण असतं तिसऱ्याच माणसाच्या फोनमध्ये.

उपाय सोपा आहे. व्हॉट्सअॅपच्या बॅकअप सेटिंगमध्ये व्हिडिओ वगळा, जीमेलमधले मोठे अटॅचमेंटवाले मेल काढा, ट्रॅश रिकामा करा, कारण ट्रॅशमधलंही जागेत मोजलं जातं.

बाजारभावाची स्लाईड जुनेच आकडे दाखवते

फाईल बरोबर, व्हर्जन बरोबर, पण आकडे जुने. गटवाले लोक नवती, पिलबाग, कांदेबाग या केळीच्या प्रकारांचे भाव गूगल शीट्समध्ये भरतात आणि त्याचा चार्ट स्लाईडमध्ये आणलेला असतो. शीटमध्ये आज भाव भरला म्हणजे स्लाईडमधला चार्ट आपोआप बदलत नाही, चार्टवर क्लिक केल्यावर कोपऱ्यात अपडेट येतं ते दाबावं लागतं. बरेच चार्ट असतील तर टूल्स मेनूत लिंक्ड ऑब्जेक्ट्समध्ये जाऊन अपडेट ऑल. प्रेझेंट करायच्या आधी हे एकदा करायचंच.

अक्षरं बिघडतात ते

याला बदल गायब होणं म्हणत नाहीत, पण तक्रार तशीच येते, "मी नीट टाईप केलं होतं, कोणीतरी बिघडवलं." श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेला मजकूर स्लाईड्समध्ये पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठीचे आकार बसवलेले असतात, फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आमच्या धंद्यात छपाईसाठी श्रीलिपी अजून चालते आणि चालणारच, पण ऑनलाईन जिथे पाच जण लिहिणार तिथे युनिकोडच पाहिजे, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची जागा असलेली पद्धत. कन्व्हर्टर मिळतात, त्यातून बदलून घ्या, पण नंतर डोळ्याखालून घालाच, विशेषतः पहिली वेलांटी, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर, त्यामुळे ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफार आणि जोडाक्षरंही बघा.

"शेतकऱ्यांचे" हा शब्द तर आपल्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतो आणि अर्ध्या स्लाईड्सवर तो "शेतकर्यांचे" असा दिसतो. साधा र घेऊन पुढे य जोडला की रफार होतो, त्याऐवजी नुक्तावाला ऱ घ्यायचा, मग ऱ्या बरोबर येतो. सऱ्या, कोपऱ्यात, दुसऱ्या, सगळ्यांना हेच. सगळं संपल्यावर एडिट मेनूतून फाईंड अँड रिप्लेस करून एकदम दुरुस्त करता येतं, मी तसंच करते, आणि मला ते केल्याशिवाय फाईल द्यायला आवडत नाही. शेतकऱ्याच्या प्रेझेंटेशनमध्ये शेतकरी शब्दच चुकीचा नको.

फॉन्ट एरियल ठेवू नका. एरियलमध्ये देवनागरी नाहीच, मग त्या जागी कुठला तरी दुसरा फॉन्ट येतो आणि तो सगळ्या मशीनवर सारखाच असेल असं नाही, म्हणून तुमच्याकडे एका ओळीत बसलेलं शीर्षक दुसऱ्याकडे दोन ओळींत जातं आणि खालचा तक्ता झाकतं. फॉन्टच्या यादीत मोअर फॉन्ट्समध्ये स्क्रिप्ट देवनागरी निवडा, मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी असे बरेच दिसतात. मजकुराला मुक्ता चांगला वाचता येतो, लांबून दिसतो. मराठी वळणाचा ल आणि श पाहिजे असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या. सगळ्यांनी मिळून एकच ठरवा आणि स्लाईड मेनूत एडिट थीममध्ये जाऊन तिथेच लावा, म्हणजे नवीन स्लाईड घेतली की आपोआप तोच येतो.

मीटिंगच्या जागी

तिथे नेट असेल का, लॅपटॉप कोणाचा, पॉवरपॉइंट कुठलं जुनं, काही माहीत नसतं. तिथल्यासाठी पीपीटीएक्स नेऊ नका, फॉन्ट तिथे नसला की वरचा सगळा घोळ साहेबांसमोर होतो. फाईल-डाउनलोडमधून पीडीएफ काढा, त्यात फॉन्ट सोबत येतो, ओळी हलत नाहीत. अॅनिमेशन आणि व्हिडिओ त्यात चालत नाहीत, ते चालवायचे असतील तर आपलाच लॅपटॉप न्या आणि फोनचं हॉटस्पॉट ठेवा. ड्राइव्हमधला व्हिडिओ स्लाईडमध्ये टाकलेला असेल तर त्या व्हिडिओचं शेअरिंग वेगळं द्यावं लागतं, प्रेझेंटेशन शेअर केलं म्हणजे व्हिडिओ आपोआप शेअर झाला असं नाही, आणि नेमकं तिथे काळा चौकोन दिसतो. पीडीएफ काढायची ती मीटिंगच्या दिवशी सकाळीच काढा, नावात तारीख टाका, आणि ग्रुपवर टाकताना लिहा की ही फक्त बघायला आहे, बदल असेल तर लिंकवर करा.

रावेरच्या त्या गटाचं काम एका संध्याकाळी झालं, पहिल्या लिंकमध्ये बाकीच्यांच्या स्लाईड्स इम्पोर्ट केल्या, उरलेल्या फाईली व्ह्यूअर केल्या आणि अप्पांच्या फोनमधलं जीमेल बदललं. नंतर मालकी पुतण्याकडून गटाच्या जीमेलवर नेली, म्हणजे पुढे अध्यक्ष बदलला किंवा पोरगा दुसरीकडे गेला तरी फाईल गटाकडेच राहील. तुम्हालाही करायची असेल तर शेअरमध्ये त्या जीमेलला आधी एडिटर करा, मग त्याच्या नावापुढच्या यादीतून ट्रान्सफर ओनरशिप घ्या, त्या जीमेलवर मेल येतो, तो उघडून स्वीकारावं लागतं, स्वीकारेपर्यंत मालक जुनाच राहतो.